लेआउटमधला धुरा

नोकरी संपल्यावर अकोल्यात घर बांधलं, तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या मागे लेआउटची ओपन स्पेस होती. कॉलनीच्या समितीनं तिथं मोठ्या हौसेनं लॉन लावली होती. कडेनं उंच अशोक, गुलाबाचे वाफे, मधोमध कारंजं. दोन उन्हाळ्यांत सगळं मेलं. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं. ते रोज पाजलं की काळी जमीन वरून पांढरी पडते. गवत मुळासकट हातात येऊ लागलं, अशोक काठ्यांसारखे वाळले आणि कारंज्यात लोक नारळाच्या शेंड्या टाकू लागले.

मी तहसील कचेरीत कारकून होते. झाडांचं शिक्षण काही नाही. पण माझं माहेर पूर्णेच्या काठचं, खारपाण पट्ट्यातलं. तिथं पाणी न घालता काय जगतं ते लहानपणापासून पाहिलेलं. शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. त्या धुऱ्यावर तरवड, हिवर, बोर, रुई, बाभूळ, कुणी न लावता उभी असायची.

त्या वर्षी माहेरी गेले, तर माझा धाकटा भाऊ धुराच साफ करत होता. ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणे. तरवडीची झुडपं उपटून ढीग घातला होता. मी त्या ढिगापाशी बसले आणि वाळलेल्या शेंगा पिशवीत भरू लागले.

"बाई, हे काय करून राहिली तू?" भाऊ म्हणाला.

"अकोल्याले नेतो. आमच्या ओपन स्पेसमध्ये लावतो."

"लोकं शहरात गुलाब लावतात अन् तू तरवड नेऊन राहिली! येडी झाली काय?"

"गुलाब मेले ना बाप्पा तिथले."

तो हसला. पण मग स्वतःच शेळ्यांच्या कोठ्यात गेला आणि पाटीभर लेंड्या घेऊन आला. शेळ्या रात्री बाभळीच्या शेंगा रवंथ करतात आणि सकाळी कोठाभर बिया पडलेल्या असतात. "ह्या लाव," म्हणाला. "शेळीच्या पोटातून आलेली बी लवकर उगवते." ती पाटी घेऊन मी एसटीत बसले, तेव्हा शेजारची बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या सीटवर गेली.

मिरगाच्या आधी मी एकटीनं खड्डे केले. तरवडीच्या बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्या, बोराच्या बिया बत्त्यानं हलक्या फोडल्या. भेगाळलेल्या जमिनीत पहार आपटली की खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. एका कोपऱ्यात जुन्या बांधकामाचा मुरूम पडला होता, तिथं काही उगवेना. तो तसाच मोकळा ठेवला. पाणी फक्त पहिल्या वर्षी घातलं, तेही घरातलं भांडी धुतलेलं.

पहिल्या वर्षी हसं झालं. दुसऱ्या वर्षी तरवड कमरेएवढी झाली, पावसाळ्यात तरोटा, म्हणजे टाकळा, आणि रुई आपोआप उगवली. शेजारच्या दोन बायका चूपचाप येऊन तरोट्याची भाजी खुडून नेऊ लागल्या. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आल्या आणि त्यांची नारिंगी फुलपाखरं झाली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं उभी राहायची. कचेरीत तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद हाताळले. पण आपल्या हातानं जमीन जागी होताना पहिल्यांदाच पाहत होते.

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. समितीचे सचिव माझ्या समोरच्याच घरात राहत. निवृत्त इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. एक दिवस फाटकाशी आले.

"मॅडम, तुम्ही कॉलनीत जंगल करून राहिल्या. साप निघाला तर जबाबदार कोण?"

साप निघालाही. चांगली सहा फुटी धामण. मी म्हटलं, धामण उंदीर खाते, विषारी नसते. पण लोक काठ्या घेऊन जमले होते आणि माझं ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. नशीब, ती नालीतून निसटली.

त्यानंतर समितीची सभा झाली. ठराव असा, की सगळं काढून सिमेंटचे गट्टू बसवायचे, चार बाक ठेवायचे, दोन झोपाळे लावायचे. विरोधात दोन हात वर झाले. एक माझा, दुसरा तरोटा खुडणाऱ्या एका बाईचा. दुसरीनं मान खाली घातली. घरी येऊन मी जेवले नाही. कुणी वाईट बोललं असतं तर भांडता आलं असतं. सगळे अगदी गोड बोलून विरोधात गेले होते.

मे महिन्यात एका सकाळी जेसीबी आला. मी चप्पल न घालताच पळाले. सचिव तिथं उभे होते, आणखी पाच-सहा जण होते. मशीन मुरमाच्या कोपऱ्याकडून आत शिरणार, इतक्यात वरून एक टिटवी किंचाळत आली आणि थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर झेपावली. एकदा, दोनदा, तीनदा. ड्रायव्हर पन्नाशीचा, पिळदार मिशांचा माणूस. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि वाकून मुरूम न्याहाळत दोन-चार पावलं चालला. मग थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "टिटवीची अंडी हायेत इथी. मी मशीन नाई घालत."

"अरे, तुले कामाले बोलावलं का पक्षी पाहाले?" सचिव म्हणाले.

"कामालेच आलो जी. पण आमच्या गावात टिटवीची अंडी पाहून पावसाचा अंदाज घेतात. तिच्या अंड्यावर मशीन घातलं, तर मी गावात तोंड कसं दाखवू? दुसऱ्याले बोलवा."

आणि तो चावी खिशात घालून माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी त्याला पाणी दिलं.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. आमच्या कॉलनीत वकील, प्राध्यापक, दुकानदार सगळे आहेत; पण खरवडून पाहिलं तर प्रत्येकाच्या मागे कुठलं तरी गाव अन् कुठलं तरी वावर आहे. एकेक जण मुरमाजवळ येऊ लागला. कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकू काठी टेकत आल्या.

"किती अंडी हायेत?"

"चार," ड्रायव्हर म्हणाला.

"चार म्हणजे चारही महिने पाऊस. टोकं कुठी हायेत, खाली का वर? खाली असली तर पाऊस जोराचा."

कुणी म्हणे खाली, कुणी म्हणे आडवी. चांगला वाद रंगला. शेवटी सचिव स्वतः पुढे झाले, इस्त्रीच्या पँटीसकट उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहत राहिले. दगडांच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी. उठले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता.

"खालीच हायेत," ते म्हणाले. "माझे वडील दर साली मले खांद्यावर घेऊन टिटवीची अंडी पाहाले न्यायचे."

पिल्लं निघेपर्यंत थांबायचं ठरलं. सचिवांनी स्वतः चार काठ्या रोवून दोरी बांधली. मी मातीच्या परातीत पाणी ठेवलं. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल. दुपारी दाराची कडी धरवत नाही. त्या उन्हात टिटवी परातीत उतरायची, पोटाची पिसं भिजवायची आणि पळत जाऊन अंड्यांवर बसायची. दिवसातून कितीदा तरी. दुपारी झोपणारी आमची कॉलनी खिडक्यांशी उभी राहून ते पाहू लागली. परातीत पाणी घालायला माझ्याआधी दुसऱ्याच कुणाचा तरी तांब्या येऊ लागला.

तीनेक आठवडे गेले. एका सकाळी सचिवांनी माझं दार वाजवलं. "मॅडम, चला लवकर!" कापसाच्या बोंडाएवढी, ठिपक्यांची पिल्लं मुरमावर पळत होती. निघाल्या निघाल्या पळतात ती. आई ओरडली, की सगळी जागच्या जागी दडून दगड व्हायची. ऊन चढल्यावर ती रांगेनं तरवडीच्या सावलीत शिरली. सचिव हळूच म्हणाले, "गट्टू असते तर कुठी गेली असती जी ही?"

मी परातीत ताजं पाणी ओतलं.

त्यानंतर जेसीबी कुणी बोलावला नाही; दिवाळीनंतर पुन्हा सभा झाली. तोवर तरवड पिवळीधमक फुलली होती आणि तिच्यावर पोपटी-पिवळ्या फुलपाखरांचे थवे होते. सचिवांनीच जुना ठराव रद्द करायचा ठराव मांडला. हात वर करा म्हटल्यावर मी आधी मागे वळून पाहिलं. सगळे हात वर होते. काकूंनी तर काठीच वर केली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

झोपाळे लावले, पण झाडं न तोडता, माझ्या स्वयंपाकघराच्या बाजूला. धामणीला आता कुणी काठी दाखवत नाही. भाऊ येऊन पाहून गेला आणि जाताना तरवडीची वीस रोपं पिशवीत घालून घेऊन गेला.

गेल्या पावसाळ्यात अमरावतीच्या एका कॉलनीतल्या बायकांनी मला बोलावलं. त्यांचीही लॉन वाळली होती. मी बियांचे डबे घेऊन गेले. त्यांनी हार आणला होता, माईक लावला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. मी म्हटलं, "भाषण नंतर. आधी पहार आणा." एकीनं पदर खोचला, दुसरीनं घरातून कुदळ आणली आणि तासाभरात आम्ही चाळीस खड्डे खणले.