पिंपळाखालच्या कचऱ्याची तक्रार

आमच्या बोरीवलीच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिंपळ आहे. लोक त्याच्या बुंध्याशी निर्माल्य ठेवतात. ठेवतात कसलं, फेकतात! देवाचं म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, मग प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारायची आणि द्यायची झाडाखाली भिरकावून. वर काच फुटलेल्या तसबिरी. अशी एक पिशवी पडली की तिच्याशेजारी भाजीची सालं टाकायला कुणाला काही वाटत नाही.

माझं डोकं फिरायचं. कचऱ्याची तक्रार मोबाईलवरून करता येते हे कळल्यावर तर मी पेटलेच. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना शिकवलं, फोटो काढा, जागा लिहा, पाठवा. घरोघरी फिरून सांगितलं, निर्माल्य वेगळं द्या, झाडाखाली नको. बायका हो हो म्हणायच्या, चहा पाजायच्या. दुसऱ्या दिवशी पिशव्या तेवढ्याच.

पिंपळापासून चार पावलांवर एक मावशी मासे घेऊन बसायची. गोराईहून होडीने खाडी ओलांडून यायची. आम्ही पडलो मालवणकडचे, बुधवार-शुक्रवार-रविवार तिच्याशिवाय आमचं पान हलायचं नाही. बसण्याआधी ती जागा झाडायची, बादलीभर पाणी मारायची. बांगडे देताना मला वरून दोन कोलंब्या टाकायची.

जागा नीट ओळखता यावी म्हणून मी फोटो जरा लांबून काढला. ढीग आला, पिंपळ आला, मावशीची टोपली आणि छत्रीही आली. त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही. उलट म्हटलं, मासेवालीचा कोपरा सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, खूण बरी. तसं लिहिलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पालिकेची गाडी आली. टोपली, पाट, छत्री, सगळं उचलून गेली. ढिगाला हातही लावला नाही. दुपारी मोबाईलवर उत्तर आलं, तक्रारीचं निवारण झालं. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. ‘ताई, एकदम झकास!’ मी मोबाईल पालथा घातला.

पिशव्या टाकणाऱ्यांना इतके दिवस तीच हाकलत होती, हे मला तेव्हा कळलं. “तुजा देव तुज्या घरान ठेव!” असं ओरडायची की समोरचा पिशवी घेऊन परत फिरायचा. आता ओरडणारं कुणी नाही. आठवड्याभरात ढीग पसरत पसरत तिच्या जागेवर आला.

मी पुन्हा मोबाईल उघडला. फेरीवाल्याला हटवा, असं सांगायची सोय आहे. परत बसवा, असं कुठे लिहायचं? ‘इतर’मध्ये लिहिलं. उत्तर नाही. शेवटी पालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “लायसन आहे का तिचं?” नव्हतं. “मग? तक्रार तुम्हीच केलेली ना, मॅडम?” त्याचं तरी काय चुकलं? मी घरी आले. जाम रडले.

मावशी आता डोक्यावर टोपली घेऊन सोसायट्यांच्या दारोदार फिरते. बहुतेक ठिकाणी वॉचमन आत सोडत नाही. गुडघे दुखतात तिचे. परवा शुक्रवारी आमच्या गेटबाहेर भेटली, टोपली निम्म्याहून जास्त भरलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, “मावशी, तो फोटो मी काढला होता. मीच पाठवला होता. कचऱ्यासाठी गं, तुझ्यासाठी नाही.”

आता ही मला शिव्या घालणार, असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचा चेहरा एकदम उजळला.

“मंग मला परत बसवाला कुनाला सांगाचा, ता पन तुला म्हाईत असल ना गो?”