सॉर्ट काही सांगत नाही

आमच्या घरात नुसतं काम करून भागत नाही, ते केल्याचं सांगावं लागतं. लग्न होऊन प्रकाशा या गावी आले तेव्हाच सासूबाईंनी हे बजावलं. दूध तापवलं, सांगा. ढोरांना पाणी दाखवलं, सांगा. विसरलं तर ओट्यावरून हाक यायची, "काम करं नि सांगं नई, तं माले कसं समजी?" सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. अरे, वास येतोय ना भाजीचा! पण हळूहळू अंगवळणी पडलं. इतकं, की मीही दुसऱ्याकडून तेच मागायला लागले. काम सांगितलं की त्यानं परत येऊन झालं म्हणून सांगावं.

ही सवय कॉम्प्युटरच्या वर्गात माझ्या मुळावर येईल, असं कुणाला वाटलं असतं?

लोणखेड्याच्या कॉलेजातून मी पदवी करत होते. बाकी सगळं सुटलं होतं, एक पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेचं प्रॅक्टिकल मानगुटीवर बसलं होतं. नवरा सुरतेला साडीच्या दुकानात कामाला, आणि राहायला तीन परक्या पुरुषांबरोबर एका खोलीत. तिथल्याच एका ऑफिसात त्यानं माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं, पण पदवी पूर्ण हवी. दोघं कमावते झालो तर वेगळी खोली घेता येणार होती. नाही तर तो तिथे, मी इथे, आणि दिवाळीला पाहुण्यासारखी भेट. त्यात अभ्यासक्रम बदलला. जुन्या मुलांसाठी ही शेवटची परीक्षा, पुढे पुन्हा पहिल्यापासून. मी देव पाण्यात घातले होते.

पायथनमध्ये लिस्ट म्हणजे एका नावाखाली ओळीनं ठेवलेल्या वस्तू. तिच्यावरची कामं भाषेत आधीच तयार असतात, त्यांना मेथड म्हणतात. आपण फक्त हुकूम सोडायचा. अपेंड शेवटी जोडतं, रिमूव्ह काढून टाकतं. पॉप काढलेली वस्तू आणून हातात देतं, म्हणून ते मला आवडायचं, घरच्या सुनेसारखं. आणि सॉर्ट सगळं क्रमानं लावतं. भाकरी थापताना मी हेच पुटपुटायचे, बसमध्येही तेच. सगळं पाठ होतं, पण सॉर्ट आलं की माझं घोडं पेंड खायचं. पडद्यावर क्रमानं लावलेले आकडे यायचेच नाहीत. 'नन' यायचं. नन म्हणजे काही नाही. मागच्या वेळी त्याच्यावरच नापास झाले होते. सरांना विचारलं तर सर दुसऱ्या क्लासच्या घाईत. "आऊटपुट चुकलंय, परत बघा," म्हणाले. परत बघून काय दिसणार, माझं कपाळ?

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी उचलली. आकड्यांची लिस्ट करा, एक जोडा, एक काढा, चढत्या क्रमानं लावा, दाखवा. जोडलं, काढलं. मग सॉर्ट लिहिलं, चालवलं. नन.

पुन्हा लिहिलं. नन. शेजारची मुलं उठून सरांना दाखवायला गेली. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघत रांगेतून येत होते. मला रडू फुटलं, आणि डोळे पुसायचंही भान राहिलं नाही. डोळ्यांसमोर सुरतेची ती खोली होती, जी आम्ही अजून बघितलीही नव्हती. आता घरी जाऊन काय सांगायचं? सासूबाई ओट्यावर बसल्या असणार, आणि मला सांगावंच लागणार.

मग मात्र माझं डोकं फिरलं. तीच ओळ, तेच नन! ओळीच्या सुरुवातीला मी लिस्टचं नाव आणि बरोबरचं चिन्ह लिहीत होते, म्हणजे सॉर्ट जे आणून देईल ते याच नावात ठेवायला. माझ्या मते ते रीतसर होतं. मी रागानं तेवढा भाग खोडला. नको सांगूस काही! मेलास तरी नको सांगूस. नुसती लिस्ट, टिंब, सॉर्ट आणि रिकामा कंस ठेवला आणि खाली दाखवायची ओळ लिहिली.

आकडे आले. क्रमानं.

मी बघतच राहिले. म्हणजे हा सॉर्ट इतके दिवस जागच्या जागी गुपचूप काम करत होता आणि परत काहीच आणत नव्हता. ते 'काहीच नाही' घेऊन मी माझ्याच हातानं लिस्टच्या नावात ठेवत होते, भरलेली लिस्ट घालवून. परीक्षक आले, बघितलं, सही केली. त्यांना माझे डोळे दिसले असतील, पण ते पुढच्या कॉम्प्युटरकडे वळले.

निकाल लागला तसं मी ओट्यावर जाऊन सांगितलं, "आई, मी पास व्हयनू."

सासूबाई मिरचीचे देठ मोडत बसल्या होत्या. मी गेले की घरात त्या एकट्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी मान वर केली नाही. शाबास नाही, जा नाही, राहा नाही. मला फार लागलं. इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट सांगायला लावणारी बाई, आणि आज तोंडातून शब्द नाही! रागानं मी त्या दिवशी भाजी टाकली तेही सांगितलं नाही.

सुरतेला निघायच्या सकाळी दाराशी एक पिशवी होती. देठ काढून, वाळवून, कुटून भरलेलं तिखट होतं, वर्षभर पुरेल एवढं. वर पापड होते, ते फुटू नयेत म्हणून माझ्याच जुन्या साडीत गुंडाळलेले. हे सगळं कधी केलं, मला पत्ता नाही.

"आई, हाई कव्हय करं?"

"तठे आशी मिरची भेटस नई," त्या म्हणाल्या, आणि गोठ्याकडे वळल्या. गुजरातच्या हद्दीवरचं नवापूर मागे पडेपर्यंत ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता आमची वेगळी खोली आहे. केलेल्या कामाचं इथं मला कुणी विचारत नाही. ऑफिसातून येते, कुकर लावते, आणि फोन कानाला धरून सांगते, "आई, भाजी टाकी."