फ्रँकलिनसाहेबांचं अभ्यंगस्नान

शारजातल्या रोल्लामध्ये हमदुल्ला मुकादम यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. हमदुल्लाभाई आत बसले की ते भरायचं आणि मी गेलो की उतू जायचं. मी पंप विकणाऱ्या कंपनीत सेल्सला होतो. सेल्सच्या माणसाला दुपारी एसी आणि फुकट चहा लागतो. हे दोन्ही तिथे मिळायचं, बदल्यात फक्त हमदुल्लाभाईंचं बोलणं ऐकावं लागायचं, आणि ते सहा वर्षं एकाच विषयावर बोलत होते. चांदीचे अमेरिकन हाफ डॉलर.

राजापूरकडच्या या माणसाने अमेरिका नकाशातसुद्धा नीट पाहिली नसेल. पण १९९१ मध्ये खोर फक्कानच्या बंदरात लागलेल्या एका बोटीवरचा इंजिनिअर घड्याळ दुरुस्त करून घेऊन गेला आणि दिरहम कमी पडले म्हणून काउंटरवर एक हाफ डॉलर ठेवून गेला. त्या दिवसापासून हमदुल्लाभाई बिघडले. ओळखीच्या प्रत्येक खलाशाला ते सांगून ठेवायचे, आणि खलाशी आणून द्यायचे.

नाण्यांवर ते बोलायला लागले की डोळ्याला लावलेलं भिंग काढायचं विसरत. "जुन्या चांदीला हवा लागते ना उपेंद्रभाऊ, की रंग चढतो. आधी पिवळा, मग जांभळा, मग मोराच्या मानेसारखा निळा. आपण नाही चढवायचा. तीस-चाळीस वर्षं पुठ्ठ्यात पडून राहिलं की आपोआप येतो. पूर्वी लोक याला डाग म्हणायचे, आता त्याच डागाला चौपट भाव आहे. कल काय होईल, अल्ला जाने."

"हो ना," मी म्हणायचो आणि चहाचा दुसरा कप ओढायचो. माझं लक्ष बिस्किटांकडे असायचं. या न ऐकण्याची किंमत मला पुढे मोजावी लागली म्हणून ते सांगून ठेवतो.

त्यांच्या अल्बममधला राजा होता १९५६ चा फ्रँकलिन. एका बाजूला कपाळ मागे गेलेला, लांब केसांचा, थोडा आमच्या हेडक्लार्कसारखा दिसणारा फ्रँकलिन, दुसऱ्या बाजूला घंटा, आणि कडेपासून मध्यापर्यंत निळ्या-जांभळ्या रंगाची वलयं. दुबईजवळच्या जबल अली बंदरातला एक अमेरिकन इंजिनिअर त्याचे अकराशे दिरहम द्यायला तयार होता. म्हणजे जवळजवळ तेरा हजार रुपये. तो शुक्रवारी संध्याकाळी येणार होता. त्या पैशांतून हमदुल्लाभाईंना घड्याळाची चाल मोजायचं जुनं मशीन घ्यायचं होतं. दुबईतल्या देऱ्यात एक दुकान बंद होत होतं आणि मालकाने मशीन शनिवारपर्यंत राखून ठेवलं होतं. तोवर हमदुल्लाभाई घड्याळ कानाला लावून चाल ओळखत, आणि तो कान आता पन्नाशीचा झाला होता.

हे सगळं माझ्या कानावर पडलं होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

१९९८ ची दिवाळी. सोमवारी लक्ष्मीपूजन. सकाळी माझ्या बायकोच्या, हेमाच्या, लक्षात आलं की आमची पूजेची चांदीची नाणी डोंबिवलीला बँकेच्या लॉकरमध्ये आहेत.

"तुमच्या त्या मित्राकडे ढीगभर आहेत ना?" ती म्हणाली. "एक आणा. उद्या परत."

मी गेलो. हमदुल्लाभाईंनी क्षणभरही विचार केला नाही. अल्बम उघडला आणि फ्रँकलिनच काढला.

"अहो, हा कशाला? एखादा साधा द्या."

"पूजेला साधा? लोग क्या कहेंगे?" त्यांनी तो मऊ कापडात गुंडाळला. "फक्त कडेने धरा. आणि हळदकुंकू वर नको, बाजूला वाहा."

धुऊ नका, असं ते म्हणाले नाहीत. शेजाऱ्याला तान्हं मूल सांभाळायला देताना तळू नका, असं कोणी सांगत नाही.

संध्याकाळी मी कापड सोडलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली फ्रँकलिन मला अगदी कळकट दिसला. मला हमदुल्लाभाईंची दया आली. माणूस एवढा जीव लावतो, पण दुकान सांभाळून पुसायला वेळ कुठे मिळणार? आणि लहानपणापासून आमच्या घरात दिवाळीची भांडी घासायचं काम माझं. समईत तोंड दिसेपर्यंत घासायचो. आईने चारचौघांत केलेलं माझं ते एकमेव कौतुक.

मी चिंच भिजवली, मीठ घेतलं, वरून दंतमंजनाचा हात दिला. पंधरा मिनिटांत फ्रँकलिनसाहेब लखलखले. चौरंगावर नाणं असं चमकत होतं की हेमाने दोनदा विचारलं, "हे तेच ना?"

"हात फिरायला लागतो," मी म्हणालो. हे वाक्य हेमाने पुढे दहा वर्षं जपून ठेवलं.

आमची काव्या तेव्हा नववीत होती. ती शाळेतून एकदा माझ्याबरोबर दुकानात आली होती आणि तिने तिथे मन लावून ऐकलं होतं. तिने आरती संपेपर्यंत दम धरला.

"बाबा, व्हेअर इज द ब्लू?"

"कुठला ब्लू?"

"द ब्लू दॅट अंकल इज सेलिंग."

मी प्रसादाचा बत्तासा तोंडात घातला होता. तो तसाच राहिला.

मंगळवारी मी दुकानात गेलो नाही. फोन केला आणि सांगितलं की हेमाची इच्छा आहे, भाऊबीजेपर्यंत लक्ष्मी घरातच राहू दे. "राहू दे, राहू दे," ते म्हणाले. "शुक्रवारी चारपर्यंत आणा म्हणजे झालं." माझ्याहून निर्लज्ज माणूस त्या दिवशी अख्ख्या शारजात नसेल.

काव्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं होतं की चांदीवर रंग चढतो तो गंधकाने, आणि उकडलेल्या अंड्यात गंधक असतं. मी चार अंडी आणली. ऐन पाडव्याला घरात अंडी उकडताना पाहून हेमाने मला ओवाळायचं तबक खाली ठेवलं आणि पातेल्यासकट बाल्कनीत घालवलं. तिथे खुर्चीवर बसून मी अंडी सोलली, कुस्करली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत फ्रँकलिनला त्यांच्या शेजारी बसवून झाकण लावलं. चाळीस वर्षांचं काम मला दोन दिवसांत हवं होतं.

गुरुवारी झाकण उघडलं. वास असा आला की खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाताईंनी गॅस कंपनीला फोन लावला. फ्रँकलिनचं कपाळ तपकिरी झालं होतं, गाल कावीळ झाल्यासारखा पिवळा होता आणि घंटा करपलेल्या पापडासारखी दिसत होती. निळा रंग कुठेही नव्हता.

"इट लुक्स सिक," काव्या म्हणाली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मी दुकानात पोचलो. रस्त्यात तीन खोट्या गोष्टी तयार केल्या होत्या. त्यातल्या एकीत माकडसुद्धा होतं. पण हमदुल्लाभाईंनी काउंटर पुसून ठेवला होता, मशीन ठेवायला कोपरा रिकामा केला होता, आणि ते पाहून माझ्याच्याने माकड काढवेना. मी कापड सोडून समोर ठेवलं आणि म्हणालो, "मी घासलं. चिंचेने. मग अंड्यात ठेवलं."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग नाणं नाकाशी नेलं.

"लोणचं पण?"

"बरणी लोणच्याची होती."

ते वाकले आणि काउंटरखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे उघडला. आत चाळीस हाफ डॉलर होते. सगळे पांढरेशुभ्र, माझ्या लक्ष्मीसारखे लखलखीत.

"सुरुवातीला गिऱ्हाइकाला चकचकीत माल लागायचा," ते म्हणाले. "म्हणून मी बसून सगळे घासले. माझ्या हाताने. याहून चांगले रंग होते यांच्यावर. दोन वर्षांनी भाव फिरला आणि मी डोकं धरून बसलो. घरी बायकोला, झुबेदाला, अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं हे असेच आले."

"रिठ्याने?"

"राखेने." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चिंच चांगली असते का हो?"

अमेरिकन आला, नाणं पाहून त्याने पंधरा दिरहम सांगितले आणि चहा पिऊन गेला. मी गावी जायच्या विमानाच्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं पाकीट पुढे केलं. हमदुल्लाभाईंनी नोटा मोजल्या, साडेपाचशे घेतले आणि उरलेले परत केले. "नाणं हाफ, तर नुकसान पण हाफ-हाफ. द्यायला मीच गेलो ना, न सांगता." बाकीच्यासाठी त्यांनी अल्बममधले दोन आवडते हाफ डॉलर त्याच आठवड्यात विकले. मशीन आलं. ते कागदाच्या पट्टीवर टिकटिक छापायचं आणि हमदुल्लाभाई तरीही घड्याळ आधी कानाला लावून मग मशीनचं बरोबर आहे का ते तपासायचे.

फ्रँकलिन त्या डब्यात एक्केचाळिसावा म्हणून गेला. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढे सगळा बाजार इंटरनेटवर गेला आणि रंगीत नाण्यांचे भाव चढत सुटले. रोल्लाच्या सायबर कॅफेत दर गुरुवारी रंगीत फ्रँकलिनचा भाव पाहून हमदुल्लाभाई मला फोन करायचे. कधी सलाम नाही, काही नाही.

"उपेंद्रभाऊ, तुमची चिंच आज दोन हजार दिरहमला गेली."

२००१ मध्ये ती अडीच हजारांवर पोचली. २००३ मध्ये चार. म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये. तेवढ्यात अख्ख्या डोंबिवलीला वर्षभर पुरेल इतकी चिंच आली असती. हेमा फोन स्पीकरवर टाकायची.

२००४ च्या उन्हाळ्यात एका गुरुवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. मी स्वतःच दुकानात गेलो. हमदुल्लाभाई मशीनपाशी मान खाली घालून बसले होते.

"काय झालं? तब्येत?"

"भाव पडला हो," ते म्हणाले. "सांगायला जिवावर आलं. तुमची चिंच नऊशेवर आली."

मला आनंद व्हायला हवा होता. मी स्टुलावर बसलो आणि त्यांनी चहा मागवला.

"चढेल," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि बिस्किटं पुढे केली.