दोन डाव्या काचा

कोणी कसलीही तक्रार घेऊन आलं की आमचे समोरचे टीव्ही मेकॅनिक म्हणत, "आधी एक डोळा झाका, मग सांगा." टीव्हीचं एक वेळ ठीक, पण मिक्सर घेऊन आलेल्या बाईंनाही त्यांनी डोळा झाकायला लावलेला मी पाहिला आहे. बाईंनी तो झाकलाही.

गेवराईत माझ्या वाचनालयासमोर त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा एक गिऱ्हाईक थ्रीडी टीव्ही चष्म्यांसकट तिथेच टाकून गेलं. मग त्यांनी मला तो समजावला. पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रं असतात. चष्म्याची डावी काच डाव्या डोळ्याचं चित्र तेवढं आत सोडते, उजवी उजव्याचं. दोन्हींची जोड डोक्यात लागते आणि मासा पडद्याबाहेर पोहत येतो. "जोडतंय डोकं आपलं, अन् नाव टीव्हीचं," असं ते वर म्हणाले.

त्यांना मासा नको होता. बायको शेजारी बसायला हवी होती. संध्याकाळी ते कुस्त्या लावत, आणि वहिनी मालिका बघायला शेजारणीकडे निघून जात. एवढ्या वर्षांचा संसार, पण दोघं एकत्र घरात सापडायची वेळ तेवढीच.

म्हणून त्यांनी काचा उपसल्या. एका चष्म्यात दोन्ही डाव्या बसवल्या, दुसऱ्यात दोन्ही उजव्या. दोन सेट-टॉप बॉक्सची चित्रं शेजारी शेजारी जोडली आणि टीव्हीला थ्रीडी म्हणून दिली. टीव्ही फसला. डाव्या चष्म्यातून मालिका दिसू लागली, उजव्यातून कुस्ती. आवाजासाठी प्रत्येकाच्या एका कानात वायर. दुसरा कान बोलायला मोकळा.

"आता भांडन कशाला?" ते मला म्हणाले.

मी मुद्दाम त्यांच्या घरी बघायला गेलो. टीव्ही उंच फळीवर. ते खाटेवर बसून मांडीवर थाप मारत होते. वहिनी खाली सतरंजीवर, खाटेला टेकून, काळा चष्मा लावून शेंगा सोलत होत्या. मधूनच एक शेंग वर जाई.

हिवाळ्यात ते गेले. भेटायला गेलो तेव्हा वहिनींनीच विषय काढला.

"सर, खालून बघितलं की त्या चष्म्यात दोन्ही चित्रं मिसळायची. सासू सुनंला बोलायली, अन् मधून दोन पैलवान लोळत जायचे. मालिका काय हाय ते मला शेवटपत्तुर कळलं न्हाई."

मग त्यांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

वहिनींनी पदर सारखा केला.

"सांगितलं असतं, तर दुरुस्त कराया उठले असते की."