निंबाचा फोक

माझा बाप मला मारताना रडत होता. पाळकसाहेब मागं उभे राहून म्हणत होते, "प्रेमानं मार, पण हळू नको."

मी आठ-नऊ वर्षांची असेन. वारंगा फाट्याजवळ आमच्या वस्तीत प्रार्थनेसाठी पत्र्याचं शेड होतं. आम्ही सगळे मांगवाड्यातले, हळदीच्या रानात राबणारे, प्रभूकडे नवीन आलेले. पाळकसाहेब हिंगोलीचे, पिढीजात ख्रिस्ती, इस्त्रीच्या सदऱ्यातले. त्या रविवारी पाळकीणबाईंनी सगळ्यांपुढं सांगितलं, प्रार्थना चालू असताना या पोरीचे डोळे उघडे होते. मी म्हणाले, "मंग तुमी कसं पाह्यलं, बाई?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाळकसाहेबांची मुलगी तर खिदळली. डोळे तिचेही उघडेच होते, आमची नजरानजर झाली होती. तिला कुणी काही म्हटलं नाही. मला फोक आणायला पाठवलं.

तशी रीतच होती. ज्याला मार खायचा त्यानंच बाहेरच्या निंबाचा फोक मोडून आणायचा. मारायचं आईबापानं, सगळ्यांसमोर. मार संपला की पोरानं म्हणायचं, "आभार, प्रभू. आमेन." पाळकांचा हात कधी लागत नसे. मी बारीक फोक आणला. त्यांनी परत पाठवलं. जाड आणला तेव्हा बापानं पोटऱ्यांवर मारलं.

फोकाचे वळ गेले. बापाचं ते तोंड गेलं नाही. दुसऱ्याच्या हुकमावरून स्वतःचं लेकरू मारणारा माणूस कसा दिसतो, ते मी पाहिलं. आणि वर मी आभार मानले. अजून अंगाची लाही होते.

आता तिथं स्लॅब आहे, माईक आहे. जुन्या पाळकांचा मुलगा पाळक झालाय. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, हिंगोलीत वसतिगृह आहे, माझी एस्तर तिथं राहून शिकते. आम्ही नवराबायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. वसतिगृह नसेल तर एस्तर आमच्याबरोबर फडावर. फडावर गेलेल्या पोरीची शाळा सुटते, हे मला कुणी सांगायला नको. माझी तशीच सुटली.

एस्तर सुट्टीला घरी आली होती. रविवारी प्रभुभोजन झालं. ताटात भाकरीचा एक तुकडा उरला होता. बाप्तिस्मा न झालेल्या लेकरानं ती भाकर खायची नसते. हिनं खाल्ली. सकाळपासून पोटात कोरा चहा होता तिच्या.

पाळक मला म्हणाले, "आई, हे काम तुझं आहे. शास्त्र तुला माहीत आहे."

मी उठायच्या आत एस्तर उठली. बाहेर गेली, फोक घेऊन आली. अंगठ्याएवढा जाड.

"एवढा जाड काहून आणलास?"

"बारीक आणला की परत पाठवतेत, आई. वसतिगृहात बी."

माझ्या हातात फोक देऊन तिनं पाठ केली. सवयीनं.

पुढच्या सतरंजीवर माझा बाप बसला होता, आता पार म्हातारा. हळूच म्हणाला, "मार माय. दोनच मार. तिची जागा जाईल."

मी फोक खाली ठेवला. "मी न्हाई मारणार."

"मग वसतिगृहात तिला कसं ठेवायचं?" पाळक म्हणाले. "घरात शिस्त नाही."

"नका ठेवू."

पाळकांनी मंडळीला माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. माझ्या बापानंसुद्धा. मी एस्तरचा हात धरून बाहेर पडले.

जागा गेली. एस्तरला ठेवून घेशील का, असं नणंदेला विचारलं, ती म्हणाली, माझंच भागत नाही. नवरा माझ्यावर चिडलाय. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. दिवस उजाडूच नये असं वाटतं. पण एस्तर फडावर जाणार नाही. नवऱ्याला एकट्याला जावं लागलं तरी चालेल, मी तिला घेऊन इथंच राहीन, मिळेल त्या रानात राबेन.

आणि वसतिगृहात वस्तीतली अजून लेकरं आहेत, सुट्टीची ती इथंच प्रार्थनेला येतात. कुठला फोक चालतो ते त्यांना पाठ झालंय.

येत्या रविवारी मी परत प्रार्थनेला जाणार आहे. पुढच्या सतरंजीवर बसणार आहे. सगळे डोळे मिटतील तेव्हा माझे उघडे असतील. ज्या लेकराला फोक आणायला उठवतील, त्याच्या आणि दाराच्या मध्ये मी उभी राहीन.