अंधाराचा सीन

लग्नाचा सीझन संपला की आमच्या नंदुरबारच्या स्टुडिओत किस्सेच इतके साचतात की चहा कमी पडतो! त्यात यंदा मी एक सॉफ्टवेअर आणलं. व्हिडिओ टाकला की चित्र कुठे बदललं ते बघून स्वतःच सीन वेगळे करतं. मालक सलीमभाईंनी बजावलं, "एक भी पार्टी नाराज हुई, तो मशीन बंद. फिर हाथ से काटते बैठ!"

*

पहिलंच फुटेज कोरीट गावच्या हळदीचं. डीजेचे लाईट लुकलुकले, की प्रत्येक लुकलुकीला नवा सीन! एका नाचाचे शेकडो तुकडे. सलीमभाई म्हणाले, "बारात निकली नहीं, और तेरी मशीन चक्कर खा के गिरी!"

सेटिंग कमी केलं, तर हळदीपासून पाठवणीपर्यंत एकच सीन! मधलं सेटिंग सापडेपर्यंत माझा घाम निघाला.

*

ब्राह्मणपुरीच्या एका काकांनी मुलाच्या लग्नात ड्रोनने केळीची बाग शूट करून घेतली. ते भडकलेच, "मन्ही एवढी मोठी बाग, नि एकच सीन?"

मी म्हटलं, "काका, या टोकापासून त्या टोकापर्यंत बाग एकसारखी. मशीनला खोट सापडली नाही!"

काकांनी तो सीन सगळ्या पाहुण्यांना दाखवला.

*

आमचा कॅमेरामन दीपक दर लग्नाहून आला की रडायचा, "माले कोनी जेवाले बी इचारं नही." एकदा गळ्यातला कॅमेरा चालूच राहिला. सॉफ्टवेअरने वेगळा सीन काढून दिला: ताट, आणि त्यात तिसऱ्यांदा पडणारे गुलाबजाम!

*

आणि रनाळ्याचं लग्न. हार घालायच्या वेळी मित्रांनी नवरदेवाला उचलून धरलं. नवरीचा हात पोचेना. तेवढ्यात लाईट गेली. आली तेव्हा हार गळ्यात!

नणंद म्हणे, "आमना भाऊ वाकना नही, हिनी हार फेका." नवरी म्हणे, "ते वाकले, मगच घातला." नवरदेवाचं डोकं मोबाईलमध्ये. बिचारीचं कोणी खरं मानेना. शेवटी तिघं स्टुडिओत आली. नवरीचे डोळे भरलेले.

सलीमभाई म्हणाले, "अंधेरे में क्या दिखेगा?" खरंच होतं. हाताने कापताना आम्ही अंधार आधी उडवायचो. पण सॉफ्टवेअरने तो वेगळा सीन करून ठेवला होता. मी लावला. पडदा काळाकुट्ट. लाईटीबरोबर डीजेही बंद, त्यामुळे आवाज स्वच्छ:

"खाले उतारा रे माले!... दख, वाकनू मी. टाक लवकर, लाईट येवाना पहिले!"

नणंदेने भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे.

नवरीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाली, "दादा, परत लावा! आवाज मोठा करा!"