फिलूचा सुजलेला हात

काल पणतीला क्षयाची लस टोचून आणली. तिच्या दंडावरच्या कापसाला स्पिरिटचा वास येत होता, आणि मी एकदम आमच्या वसईच्या शाळेच्या पडवीत जाऊन उभी राहिले.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मुंबईहून डॉक्टर आले, आम्हा मुलांच्या हातावर तपासणीची सुई टोचून गेले. कोणाचा हात सुजतो ते बघायला दोन-तीन दिवसांनी परत येणार होते. माझा हात सपाटच राहिला. शेजारच्या फिलूचा मात्र चांगला लालबुंद टरारला. ती तो सगळ्यांना दाखवत फिरायची. मला बघवेना. डॉक्टर यायच्या दिवशी सकाळीच मी वाडीत जाऊन अळूचा देठ हातावर खसाखसा चोळला.

डॉक्टरांनी एक नजर टाकली. "हे खाजवून आणलंय," म्हणाले, आणि लस टोचून मला पुढे ढकललं.

फिलूला मात्र हेडमास्तरांच्या खुर्चीत बसवलं. मी वर्गात पहिली यायचे, पण त्या खुर्चीला मला कधी कोणी हात लावू दिला नव्हता. डॉक्टरांनी तिच्या सुजेवर मोजपट्टी धरली आणि हळू आवाजात विचारलं, "बाळ, घरात कोणी खोकतं का?"

"आय खोकते," फिलू ऐटीत म्हणाली. "रोज."

क्षयाचे जंतू तिच्या अंगात आधीच शिरले होते, म्हणून तो हात सुजला होता. हे आज कळतं. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला चिकटून बसले, आणि ती एकदा तरी खोकेल म्हणून वाट बघत राहिले.